लसींच्या फ्रीजचा पहारेकरी

आपल्या सातपुड्यातील दवाखान्याच्या फ्रीजमध्ये धनुर्वात आणि हिपॅटायटिस-बीच्या लसी असतात. त्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हव्यात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, सकाळपर्यंत कोणालाच पत्ता नव्हता आणि सगळ्या कुप्या टाकून द्याव्या लागल्या. मला रेडिओ दुरुस्तीची जुनी खोड, म्हणून राखण करणारे एक यंत्र जुळवले. आपल्यापैकी अनेकांनी विचारले, म्हणून ही हकिकत.

यंत्राचा गाभा म्हणजे आर्डुइनो उनो हा बोर्ड. हे काम २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी सुरू झाले. बोर्डाचा आराखडा खुला आहे. तो कोणीही पाहावा, तसाच बोर्ड बनवावा, हवा तसा बदलावा. फक्त त्यांचे नाव लावू नये. त्याला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडला. त्याच्या तीन तारा. त्यांतील विजेची आणि माहितीची तार यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. तो मी विसरलो, तर फ्रीजचे तापमान उणे १२७ अंश दिसू लागले!

तापमान ८ अंशांवर गेले की बझर वाजे. सिस्टरांनी पाहिले आणि विचारले, "काका, आणि लस गोठली तर?" हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. या दोन्ही लसी एकदा गोठल्या की निकामी होतात, आणि वितळल्यावर वरवर पाहून ते कळेलच असे नाही. मग २ अंशांखालीही बझर वाजेल अशी प्रोग्रॅममध्ये भर घातली. दार उघडताच उगाच वाजू नये म्हणून सेन्सर पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवला.

तरी वीज गेली की बझरही मुका! सेलवर चालवले, तर सहा पेन्सिल सेल दोन दिवसांत संपले. आराखडा उघडून बसलो तेव्हा कळले, की बोर्डावरचा बराचसा भाग संगणकाशी जोडण्यासाठी आहे. आपल्याला एटीमेगा३२८पी ही एकच चिप पुरते. ती काढून वेगळ्या पट्टीवर बसवली. आता ती बहुतेक वेळ झोपते, अधूनमधून उठून तापमान पाहते. तीन सेल चार महिने चालले आहेत.

बझर तार ओढून सिस्टरांच्या खोलीत नेला आहे. परवा पहाटे तीनला तो वाजला. त्यांनी बर्फाच्या पिशव्या थोड्या वितळू दिल्या, मग लसी शीतपेटीत हलवल्या. एकही कुपी वाया गेली नाही.