गणवेश उतरल्यावरचा आजार ओळखायचा कोणी?

गढवाल, कुमाऊँ किंवा शेखावाटीतल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चाळिशीतला माजी सैनिक जातो, तेव्हा तो ‘माझे मन ठिकाणावर नाही’ असे म्हणत नाही. डोके दुखते, पोटात जळजळ होते, झोप लागत नाही, असे तो सांगतो. डॉक्टर रक्तदाब मोजतात, गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाला बोलावतात. यात बेपर्वाई असतेच असे नाही. पुढे काय विचारायचे, हे त्यांना बहुधा कोणी शिकवलेलेच नसते.

जिल्हाधिकारी असताना जिल्हा सैनिक मंडळाच्या बैठकांचे अध्यक्षपद माझ्याकडे असे. अर्ज येत ते निवृत्तिवेतनाचे, जमिनीच्या तंट्यांचे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे. झोपेविषयीचा अर्ज मी कधी पाहिला नाही. मात्र सैनिकांच्या पत्नी दारूविषयी, रात्री दचकून उठण्याविषयी, मुलांवर निघणाऱ्या रागाविषयी दबक्या आवाजात बोलत. ती व्यथा अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नसे.

हे मौन जुने आहे. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘शेल शॉक’ ही संज्ञा ‘लॅन्सेट’मधून वैद्यकीय चर्चेत आणली. गढवालने दरवानसिंह आणि गबरसिंह नेगी या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांची स्मृती आदराने जपली. पण मन विस्कटून गावी परतलेल्यांची आठवण जपणारे स्मारक कोठे आढळत नाही. ‘आघातोत्तर तणाव विकार’ या नावाला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्थान मिळाले तेही १९८० साली.

आपल्या व्यवस्थेत संस्थांची वानवा नाही. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे आणि तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, पुढच्याच वर्षी सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ तर स्पष्टच सांगतो की, सरकारी आरोग्यसंस्थांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसोपचाराचे प्रशिक्षण देणे शासनावर बंधनकारक आहे. पण दूरध्वनी सेवेचा उपयोग स्वतःहून फोन करणाऱ्याला होतो. न बोलणाऱ्याला ओळखायचे, तर समोर बसलेल्या डॉक्टरची, परिचारिकेची नजरच तयार व्हावी लागते.

सैनिक बोलत का नाही, हेही समजून घ्यावे लागेल. सेवेत असताना मनाच्या तक्रारीने वैद्यकीय श्रेणी खालावण्याची आणि बढती अडण्याची धास्ती असते. निवृत्तीनंतर अनेकांना सुरक्षारक्षकाची नोकरी मिळते. तेथे बंदुकीचा परवाना हीच भाकरी. अशा माणसाला पहिल्याच भेटीत ‘तुम्हाला मानसिक आजार आहे का?’ असे विचारले, तर उत्तर नकारार्थीच येणार.

म्हणून प्रशिक्षणाचा आरंभ साध्या गोष्टींनी व्हावा. केस पेपरवर ‘सैन्यात किंवा निमलष्करी दलात सेवा केली आहे का?’ हा एक रकाना असावा. मग झोप, भयंकर स्वप्ने, गर्दी व आवाज टाळणे, दारूचे प्रमाण, घरातला अबोला यांविषयी सहजपणे विचारावे. आघातोत्तर तणावाची चाळणी करणारी पाच प्रश्नांची पद्धत जगभर वापरात आहे. ती गढवाली, मारवाडी, पंजाबी, मराठी बोलणाऱ्यांच्या शब्दांत उतरवून तपासून घ्यावी लागेल. आत्महत्येचे विचार येतात का, हे विचारल्याने ते मनात पेरले जात नाहीत, हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीला कळायला हवे. आशा सेविका घरोघरी जातात; पत्नीची दबकी तक्रार त्यांच्याच कानी प्रथम पडते. आणि ओळखल्यावर पाठवायचे कोठे, गोपनीयता राखायची कशी, हे ठरलेले नसेल, तर ओळखणे निष्फळ ठरेल. एक दिवसाची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र एवढ्याने हे साधणार नाही. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णांची चर्चा करत वर्षभर सोबत केली पाहिजे.

याची निकड आता वाढली आहे. अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. त्यांतील जास्तीत जास्त एक चतुर्थांश सेवेत राहतील. बाकीच्यांना योजनेच्या मूळ अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जा नाही, अंशदायी आरोग्य योजनाही नाही. विशीतले हे तरुण आजारी पडले, तर गावच्या सरकारी दवाखान्यातच येतील.

परतणारा प्रत्येक सैनिक आजारी असतो, असे मानणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. बहुतेक जण समर्थपणे नवे आयुष्य उभारतात. पण जे उभारू शकत नाहीत, त्यांची गाठ सर्वांत आधी लष्करी रुग्णालयाशी पडत नाही. ती केस पेपर लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याशी आणि रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेशी पडते. कायद्याने सांगितलेल्या प्रशिक्षणाची सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.