वर पाऊस, खाली ऊन

ओढ्याला लोंढा येतो तेव्हा आपल्या डोक्यावर लख्ख ऊनही असू शकतं. पाऊस वर घाटमाथ्यावर कोसळलेला असतो. नितळ पाणी एकाएकी गढूळलं, पालापाचोळा, काटक्या वाहत येऊ लागल्या, की चपला शोधत बसू नये. सरळ काठ चढावा. वीतभरही नसलेलं वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडतं, दोन फुटांत बहुतेक मोटारी वाहून जातात. (पाण्याखालच्या फरशी पुलावरून ‘जाईल की गाडी’ म्हणणारा एकजण प्रत्येक गाडीत असतोच!) प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात, भुशी धरणाजवळच्या धबधब्यात अडकलेलं कुटुंब एकमेकांना घट्ट धरून उभं होतं. पाचजण गेले.