पितळेची पाटी आणि लोखंडाची साक्ष

परतवाडा मागे पडून घाट सुरू झाला, की माणसाच्या आणि मोटारीच्या दोघांच्याही दमाची परीक्षा होते. वळणे संपता संपत नाहीत, सागाची पाने काचेवर आपटत असतात, आणि समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या वर असलेले चिखलदरा शेवटच्या वळणापर्यंत दर्शन देत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी हा घाट चढलो तो हवा खाण्यासाठी नव्हे. गाविलगडही पाहायचा नव्हता. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने तो किल्ला घेतला, हे दरवर्षी सहलीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगून सांगून माझे पाठ झाले आहे. मी निघालो होतो एका मोटारीचे वय ठरवायला!

वाचकहो, हसू नका. मी मराठीचा प्राध्यापक. मला मोटारीतले काय कळते, हा प्रश्न माझ्या पत्नीने निघतानाच विचारला होता. पण ज्यांनी बोलावले त्या काकूंचा हिशेब निराळा होता. "तू जुन्या पोथ्या कुठल्या सालच्या ते सांगतोस ना? मग ही पण एक पोथीच समज," असे त्यांनी फोनवर ऐकवले. माझ्या वडिलांचे स्नेही असलेल्या वकीलकाकांच्या त्या पत्नी. वय ऐंशीच्या पुढे. काका जाऊन बारा वर्षे झाली. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या त्या लहानशा बंगलीत काकू आता बाराही महिने राहतात, आणि बंगलीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची दोन आसनांची 'एम्. जी.' उभी असते.

ही गाडी आम्ही मुलांनी लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेली. लांबट नाक, तारांची उंच चाके, पुढे आडवी पाडता येणारी काच. काकांनी ती लग्नाच्या आदल्या वर्षी, १९६२ साली, जुनीच विकत घेतली. आल्यागेल्याला ते छाती पुढे काढून सांगत, "पंचेचाळीस सालची आहे! लढाई संपल्यावर कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या गाड्यांपैकी!"

हे वाक्य आता काकूंच्या गळ्याशी आले होते. बंगलीचे छप्पर गळत होते. परदेशातला मुलगा 'विकून टाक' म्हणत होता. मुंबईच्या एका मध्यस्थाने गाडीला गिऱ्हाईक आणले होते, आणि त्याने दोन किमती सांगितल्या होत्या : गाडी १९४५ ची ठरली तर एक, नाहीतर तिच्या निम्म्याहूनही कमी.

एक्याऐंशी गाड्यांची गोष्ट

एवढा फरक का, हे समजायला थोडा इतिहास सांगायला हवा. 'एम्. जी.' म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या मोटारदुकानाचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस गाड्यांवर हलके, देखणे सांगाडे चढवून खेळकर गाड्या करायला सुरुवात केली. १९२९ पासून कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी आला. महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडला परकीय चलनाची निकड होती. नवी गाडी आखायला वेळ नव्हता. म्हणून १९३९ च्या 'टी. बी.' या गाडीची बैठक चार इंच रुंद करून, किरकोळ सुधारणांनिशी 'टी. सी.' बाजारात आली. साडेबाराशे सी. सी. चे इंजिन, चोपन्न घोड्यांची शक्ती, आणि पोलादी पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा! सुताराने केलेली मोटार म्हटले तरी चालेल. किंबरच्या नशिबी मात्र ती पाहणे नव्हते. १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातील रेल्वे अपघातात तो गेला.

या गाडीने अमेरिकेला खेळकर मोटारींचे वेड लावले, असे सांगतात. तिथे गेल्या त्या सुमारे दोन हजारच; पण इंग्लंडात राहून परतलेल्या अमेरिकन शिपायांनी तिची कीर्ती आधीच नेली होती. आपल्याकडेही लष्करी अधिकारी, मळेवाले आणि हौशी वकील-डॉक्टर यांच्या दारांत ती दिसू लागली.

आता खरी मौज ऐका. या गाड्यांचे क्रमांक एकपासून सुरू होत नाहीत, दोनशे एक्कावन्नपासून होतात. कारण? ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता! तेव्हा पहिली गाडी 'टी. सी. ०२५१'. आणि वर्षवार आकडेही उपलब्ध आहेत : १९४५ मध्ये अवघ्या ८१ गाड्या, १९४६ मध्ये १,६७५, १९४७ मध्ये २,३४६, १९४८ मध्ये ३,०८५ आणि १९४९ मध्ये २,८१३. बेरीज करून पाहा, बरोबर दहा हजार भरते. काकांची गाडी पंचेचाळीसची असेल, तर ती त्या एक्याऐंशीतली एक. क्रमांक फार तर ३३१ पर्यंतचा. म्हणजे परीक्षा सोपी होती. क्रमांक वाचायचा, की निकाल!

पाठ, पाठभेद आणि क्षेपक

पण क्रमांक वाचायचा कुठे? शेडमध्ये परतवाड्याचे एक वयस्क मेकॅनिक माझ्या आधीच येऊन बसले होते. काकांच्या हयातीत गाडीला हात लावण्याची परवानगी असलेले ते एकटेच. मी मोठ्या उत्साहाने बॉनेट उघडून आतली पितळेची पाटी फडक्याने पुसू लागलो. पाटी इतकी झिजलेली की आकडे बोटालाही लागेनात. मेकॅनिक मिस्कील हसले.

"पितळंची पाटी तं कोनीबी बनवून देते जी, मास्तर. लोखंडाले इचारा."

मी चमकलो. कारण नेमके हेच माझे गुरुजी पोथ्यांच्या बाबतीत सांगत. पोथीच्या शेवटी लेखकाने घातलेला शक आंधळेपणाने मानू नये. नक्कल करणारा तो शकही नक्कल करतो. कागद पाहा, शाई पाहा, अक्षराचे वळण पाहा. मोटारींच्या दुनियेतही हेच चालते. या गाड्यांच्या कोऱ्या पाट्या आज नव्याने तयार मिळतात. त्यांवर हवा तो आकडा ठोकता येतो. खरा क्रमांक असतो तो चासीच्या पोलादावर ठोकलेला.

परदेशात तर या शोधाचे शास्त्रच झाले आहे. जर्मनीत २०१४ साली एका जुन्या धान्यकोठारात पोर्शे कंपनीची एक मोडकळीस आलेली गाडी सापडली. क्रमांक ३०० ०५७. कंपनीच्या दफ्तराशी ताडून पाहता ती १९६४ ची, म्हणजे '९०१' हे नाव प्यूजो कंपनीच्या हरकतीमुळे बदलून '९११' होण्याच्या आधीची निघाली. संग्रहालयाने ती घेतली, तीन वर्षे खपून दुरुस्त केली आणि २०१७ च्या डिसेंबरात लोकांपुढे ठेवली. जॅग्वार कंपनीची 'ई-टाइप' १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात प्रथम झळकली. तिथे नेलेली '९६०० एच. पी.' क्रमांकाची गाडी पुढे सामान्य गाडीसारखी या हातातून त्या हातात गेली. फिलिप पोर्टर या लेखकाने ती १९७७ मध्ये मिळवली, तेव्हा कुठे तिचे दैव उघडले.

मराठी माणसाच्या जवळचे उदाहरण हवे तर इंदूरचे घ्या. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी केलेल्या ड्यूझेनबर्ग गाडीची चासी अमेरिकेची, अंगकाठी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांची आणि रंग केशरी व काळा. ती आता अमेरिकेत आहे. मालक बदलले, देश बदलला. तरी 'होळकरांची गाडी' हीच तिची ओळख आहे. गाडी कोणासाठी घडली आणि कोणाकडून कोणाकडे गेली, ही साखळी न तुटता दाखवता येणे यालाच तिथे निम्मी किंमत असते.

आम्ही पुढच्या बाजूला, डाव्या स्प्रिंगच्या टोकाशी वाकलो. मेकॅनिकांनी गंज आणि ग्रीसचे थर रॉकेलने सोडवले. काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. हळूहळू अक्षरे उमटली : टी... सी... आणि मग पाच. पाच हजार दोनशेच्या घरातला आकडा!

मी पाकिटाच्या पाठीवर बेरीज मांडली. १९४५ अखेर ३३१. १९४६ अखेर २,००६. १९४७ अखेर ४,३५२. म्हणजे गाडी १९४८ ची, त्या वर्षाच्याही पहिल्या काही महिन्यांतली. पुन्हा बेरीज केली. आकडे हलायला तयार नव्हते.

आणखी एक गोष्ट निघाली. दाराच्या आत हात घालून मेकॅनिक म्हणाले, "हे लाकूड काही इलायती नाही जी. साग हाये हा, आपल्या मेळघाटातला." चिखलदऱ्याच्या पावसाने आणि वाळवीने मूळचा सांगाडा केव्हाच खाल्ला होता. काकांनी गावच्या सुताराकडून, काढलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मापाने, तो नवा करून घेतला होता.

परीक्षकाच्या भाषेत हे क्षेपक. पण मला आठवले ते लीळाचरित्र. आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी ते सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली आणि शिष्यांनी स्मरणाने पाठ पुन्हा जुळवले. त्यांत भेद पडले, हे खरे. पण ते जुळवले नसते, तर भेद मोजायला तरी काय उरले असते? सुताराने सागाचा तुकडा बसवला नसता, तर आज लोखंडाला विचारायला लोखंडही राहिले नसते.

ट्रंकेतला कागद

निकाल काकूंना सांगायचा कसा? मी घुटमळत 'सुमारे', 'बहुधा' असे शब्द जुळवू लागलो. त्या म्हणाल्या, "सरळ साल सांग."

"अठ्ठेचाळीस."

त्या उठल्या, आत गेल्या आणि काकांची पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. तळाशी, जुन्या दाव्यांच्या कागदांखाली, गाडीचे नोंदणीपुस्तक होते. चासीचा क्रमांक आम्ही वाचलेलाच. आणि निर्मितीचे वर्ष, स्पष्ट शाईत : १९४८.

काकू बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे ह्यांना ठाऊक होतं," त्या हळूच म्हणाल्या. मला वाटले, आता डोळ्यांत पाणी येणार. पण त्या हसू लागल्या. "कोर्टात साक्षीदाराला एक शब्द वाढवू दिला नाही कधी. आणि घरी बसून तीन वर्षं वाढवली!"

संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. मी साल सांगितले. तो क्षणभर थांबला आणि गोड आवाजात म्हणाला, की पाटी झिजलेलीच आहे ना? नवी करून घेऊ. पुढचा क्रमांक गंजलेला आहे, तो गंजलेलाच राहू द्या. गिऱ्हाईक हौशी आहे, कुणी खरवडून बघत नाही. नोंदणीपुस्तक काय, हरवतेच.

मी फोन हाताने झाकून काकूंना हे सांगितले. बाहेर पावसाची सर आली होती आणि पडवीत तीन ठिकाणी भांडी लावलेली होती. भांड्यांत पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. निम्मी किंमत म्हणजे निम्मे छप्पर, हे मला दिसत होते. त्यांना तर माझ्याहून अधिक दिसत असणार.

"त्यांना सांग," काकू म्हणाल्या, "ह्यांनी तीन वर्षं वाढवली ती कौतुकानं. मी वाढवली, तर ती पैशासाठी होतील."

त्या मध्यस्थाचा पुन्हा फोन आला नाही. पण महिन्याभराने एक गृहस्थ स्वतः गाडी पाहायला आले. त्यांनी लोखंडावरचा आकडा वाचला, पुस्तक वाचले, आणि सागाचा सांगाडा पाहून नाक न मुरडता सुताराचे कौतुक केले. पन्नास वर्षांवरील मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्ही. ए.' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. त्यासाठी खरी कागदपत्रे मिळाली, याचाच त्यांना आनंद होता. किंमत पंचेचाळीसची मिळाली नाही, अठ्ठेचाळीसची मिळाली. छप्पर पुढच्या बाजूचे झाले. मागच्या खोलीचे पुढच्या वर्षी व्हायचे आहे.

विक्रीचा कागद मी लिहिला. साल, चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक असे सारे रीतसर. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सहीपूर्वी म्हणाल्या, "एक राहिलं. लाकूड इथलं आहे, असं लिही. पुढं कुणी विचारलं, तर त्याला कळायला हवं."

मी ते वाक्य शेवटी घातले, आणि त्याखाली त्यांनी सही केली.