मधल्या पायरीवरची ओल्ड्समोबिल

१९८५ साली ओल्ड्समोबिल या नावाच्या सुमारे १० लाख ६६ हजार गाड्या खपल्या. कंपनीच्या इतिहासातला हा उच्चांक. त्यानंतर अवघ्या १९ वर्षांनी, २९ एप्रिल २००४ रोजी, मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंग शहरात या नावाची शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली. एखादा धंदा वर्षानुवर्षं झिजत जाऊन बंद पडला तर नवल वाटत नाही. इथे मात्र कळस आणि अखेर यांत दोन दशकांचंही अंतर नाही. त्यामुळे या ऱ्हासाची मुळं विक्री घसरू लागल्यावर काय झालं यात सापडत नाहीत; ती विक्री चढत होती त्या काळात शोधावी लागतात. ओल्ड्समोबिलसारखी मध्यम किमतीची गाडी फार स्वस्त नसते आणि फार प्रतिष्ठेचीही नसते. स्वस्त गाडीच्या वर चार पैसे का मोजायचे, याचं उत्तर तिला गाडीतच, हाताला लागेल असं, द्यावं लागतं. ओल्ड्समोबिलने सत्तर वर्षं ते दिलं. ज्या दशकात तिची विक्री सर्वाधिक झाली, त्याच दशकात जनरल मोटर्स या मालक कंपनीने ते उत्तर काढून घेतलं, असं माझं म्हणणं आहे.

रॅन्सम एली ओल्ड्स यांनी १८९७मध्ये लॅन्सिंगला कंपनी काढली. दोनच वर्षांत ती नव्या भांडवलदारांच्या हाती जाऊन डेट्रॉइटला गेली. मार्च १९०१मध्ये तिथला कारखाना आगीत खाक झाला. त्या काळात ओल्ड्स अनेक नमुने आजमावत होते. आगीनंतर सारा भर ‘कर्व्ह्ड डॅश’ या एका छोट्या गाडीवर आला. पायाशी घसरगाडीसारखी वळलेली फळी, बसण्याच्या जागेखाली एका सिलिंडरचं इंजिन, चाकाऐवजी वळवायला दांडा आणि किंमत ६५० डॉलर. सुटे भाग बाहेरच्या कारखानदारांकडून करून घेऊन ही गाडी मोठ्या संख्येने जोडली जाऊ लागली. १९०१मध्ये ४२५ गाड्या निघाल्या, पुढच्या वर्षी अडीच हजार. फोर्डच्या मॉडेल टीच्या आधीची ही गोष्ट. मात्र भांडवलदारांना मोठ्या, महागड्या गाड्या हव्या होत्या. ओल्ड्स १९०४मध्ये बाहेर पडले आणि १९०८मध्ये अडचणीत आलेली कंपनी नव्याने स्थापन झालेल्या जनरल मोटर्सच्या पदरात पडली.

जनरल मोटर्सची मांडणी १९२०च्या दशकात आल्फ्रेड स्लोन यांनी घडवली. प्रत्येक खिशासाठी आणि प्रत्येक गरजेसाठी एक गाडी, हे त्यांचं धोरण. कालांतराने त्याची ठरीव शिडी झाली : तळाला शेवरोले, मग पाँटिअॅक, मधोमध ओल्ड्समोबिल, वर ब्यूक आणि टोकाला कॅडिलॅक. पगार वाढला की गिऱ्हाईकाने एक पायरी चढायची, पण घराबाहेर जायचं नाही. या रचनेत सर्वांत अवघड जागा मधली. शेवरोले स्वस्ताईवर विकली जाते, कॅडिलॅक मानमरातबावर. मधल्या गाडीने कशावर विकायचं? ओल्ड्समोबिलला यावर तोडगा सापडला तो नव्या तंत्राचा. क्लच न दाबता आपोआप गीअर बदलणारी हायड्रामॅटिक यंत्रणा कंपनीने सर्वप्रथम ओल्ड्समोबिलच्या १९४०च्या गाड्यांत, ५७ डॉलर जादा घेऊन, दिली. कॅडिलॅकला ती वर्षभराने मिळाली. कंपनीतलं नवं काही आधी मधल्या पायरीवर अजमावलं जाई. ओल्ड्समोबिल घेणाऱ्याला शेजाऱ्याच्या कॅडिलॅकमध्येही नसलेली वस्तू मिळे.

याचा सर्वांत ठळक दाखला १९४९चा. त्या वर्षी ओल्ड्समोबिलने ‘रॉकेट’ हे आठ सिलिंडरचं, १३५ अश्वशक्तीचं इंजिन आणलं. त्याच वर्षी कॅडिलॅकनेही स्वतःचं नवं इंजिन आणलं. एकाच मालकाच्या दोन विभागांनी एकाच सुमारास दोन वेगळी इंजिनं घडवली, ही चैन जनरल मोटर्सला तेव्हा परवडत होती आणि तिला ती उधळपट्टी वाटत नव्हती. रॉकेट इंजिन आकाराने लहान, हलक्या गाडीत बसवलं आणि ‘८८’ हे मॉडेल जन्माला आलं. नासकार शर्यतींच्या पहिल्याच मोसमाचं विजेतेपद रेड बायरन यांनी ओल्ड्समोबिल चालवून मिळवलं. १९६२मध्ये टर्बोचार्जर लावलेली ‘जेटफायर’ आली. १९६६ची भलीमोठी ‘टोरोनॅडो’ तर पुढच्या चाकांना शक्ती देणारी होती; १९३७च्या कॉर्डनंतर अमेरिकेत असं कुणी केलं नव्हतं. यातलं सगळं यशस्वी झालं असं नाही, जेटफायर लवकरच गुंडाळावी लागली. तरी या विभागाचे अभियंते स्वतःच्या डोक्याने काहीतरी करतात, हे गिऱ्हाईक जाणून होतं.

१९७०च्या दशकात ‘कटलस’ हे मॉडेल अमेरिकेचं लाडकं झालं. १९७६मध्ये ती देशातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली आणि १९७७मध्ये ओल्ड्समोबिलने वर्षाला १० लाखांचा टप्पा ओलांडला. शेवरोले आणि फोर्ड वगळता तोवर कुणालाही हे जमलं नव्हतं. याच वर्षी शिकागोत एक विलक्षण भानगड उघडकीला आली. नवीकोरी ‘डेल्टा ८८’ मेकॅनिककडे गेली, तर ओल्ड्समोबिलचा ऑइल फिल्टर इंजिनाला बसेना, पंख्याचा पट्टाही बसेना. कारण बॉनेटखाली रॉकेट नव्हतंच. तिथे शेवरोलेचं इंजिन होतं. मागणी इतकी वाढली होती की ओल्ड्समोबिलची इंजिनं पुरेनात, तेव्हा कंपनीने शेवरोलेची बसवली आणि गिऱ्हाईकाला सांगितलं नाही. दोन्ही इंजिनं ३५० घनइंचांचीच, म्हणजे ५.७ लिटरची, कागदावर फरक जवळपास शून्य. तरीही इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांनी खटला भरला, इतर राज्यांतूनही दावे लागले आणि अखेर कंपनीने मालकांना २०० डॉलर व वाढीव हमी देऊ केली.

या प्रकरणाचा अर्थ लावण्यात जनरल मोटर्स चुकली. शेवरोलेचं इंजिन वाईट नव्हतंच, मग लोक चिडले का, हे कंपनीच्या हिशेबनिसांना उमगेना. लोक चिडले होते ते जास्तीच्या पैशांचं कारण नाहीसं झालं म्हणून. गिऱ्हाईक भडकलं, याचा अर्थ त्याला अजून फरक कळत होता आणि त्या फरकाची किंमत द्यायची त्याची तयारी होती. कुठल्याही ब्रँडला हेवा वाटावा अशी ही निष्ठा. कंपनीने त्यातून धडा घेतला तो एवढाच, की जाहिरातीखाली बारीक अक्षरांत ‘आमच्या गाड्यांत वेगवेगळ्या विभागांची इंजिनं असतात’ असं छापून मोकळं व्हावं.

पाठोपाठ डिझेलचं प्रकरण झालं. पेट्रोल महागलेलं, सरासरी मायलेज वाढवण्याची १९७५च्या कायद्याची सक्ती डोक्यावर. १९७८मध्ये ओल्ड्समोबिलने ५.७ लिटरचं डिझेल इंजिन आणलं आणि ते कॅडिलॅकपासून खालच्या पायऱ्यांपर्यंत पुरवलं. डिझेल इंजिनात दाब कितीतरी जास्त. तरी पेट्रोल इंजिनाच्याच यंत्रांवर काम भागावं म्हणून हेड बोल्टांची संख्या आणि मांडणी तीच ठेवली. बोल्ट ताणले जात, गॅस्केट उडे, पाणी आत शिरे. डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा भागही खर्च वाचवण्यासाठी वगळला होता, त्यामुळे इंधनपंप गंजत. १९८५मध्ये हे इंजिन बंद झालं, तोवर नव्या तंत्राची गाडी ही ओल्ड्समोबिलची ओळखच तिच्या अंगाशी आली होती.

उरलेसुरलेलं काम १९८०च्या दशकाने केलं. १९८२ची ‘कटलस सिएरा’, शेवरोलेची ‘सेलिब्रिटी’, पाँटिअॅकची ‘६०००’ आणि ब्यूकची ‘सेंच्युरी’ या एकाच साच्यातल्या चार गाड्या. ‘फॉर्च्यून’ मासिकाने १९८३मध्ये त्या चौघी मुखपृष्ठावर शेजारी उभ्या केल्या. मथळ्यात वेगळं काही सांगायची गरज नव्हती. फोर्डच्या लिंकन या ब्रँडने पुढे दूरचित्रवाणीवर जाहिरात केली ती याच घोळावर : गाडी आणून देणारे नोकर आणि मालक, दोघांनाही कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल ओळखू येईनात. १९८४मध्ये अध्यक्ष रॉजर स्मिथ यांच्या पुनर्रचनेत ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक यांची एकत्र मोट बांधली गेली. विभागांचं स्वतःचं अभियांत्रिकी आणि कारखान्यांवरचा ताबा गेला. पुढल्याच वर्षी विक्रीचा उच्चांक झाला. तो आधीच्या पुण्याईवर झाला होता.

यावर पहिला आक्षेप असा, की साचे वाटून घेणं जुनंच आहे. जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी ब्यूक गाडीचा सांगाडा करवतीने चार तुकड्यांत कापून, तुकडे थोडे दूर सरकवून ‘ही तुमची नवी ओल्ड्समोबिल’ म्हणून दाखवला, अशी कथा प्रसिद्धच आहे. मुंबईतही कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या परवान्याने जोडलेली जवळजवळ एकच गाडी डॉज, प्लिमथ आणि डीसोटो अशा तीन नावांनी विकली जाई. हे खरंच आहे. पण सरकारी परवान्यांवर चालणाऱ्या इथल्या तेव्हाच्या बाजारात गाडी मिळण्याचीच मारामार होती, तिथे फरक विचारणार कोण? अमेरिकेतल्या गिऱ्हाईकासमोर पन्नास पर्याय उभे होते. १९४९च्या ८८चा सांगाडा शेवरोलेशी नातं सांगणाराच होता, इंजिन मात्र स्वतःचं होतं. फोक्सवॅगनही श्कोडा आणि आउडीत बरंच काही वाटून घेते. काय वाटायचं आणि काय राखायचं, यात सगळं आलं.

दुसरा आक्षेप जपानी स्पर्धेचा. १९८९मध्ये होंडा अॅकॉर्ड अमेरिकेतली सर्वाधिक खपाची गाडी झाली. तेव्हा ओल्ड्समोबिलला जपानने मारलं, असं म्हणणं सोपं आहे. मात्र १९८१पासून जपानने अमेरिकी दबावाखाली निर्यातीवर मर्यादा घालून घेतली होती. डेट्रॉइटला सावरायला मिळालेली ही उसंत होती आणि नेमक्या त्याच काळात जनरल मोटर्सने चार सारख्या गाड्या काढल्या. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मधली पायरीच नष्ट झाली. १९६५च्या शेवरोले ‘कप्रीस’पासून स्वस्त ब्रँडही ऐसपैस, सजलेल्या गाड्या देऊ लागले आणि शिडीचा तळ वर सरकला. हे मान्य. पण मध्यम किमतीचं गिऱ्हाईक कुठे गेलं? तेच अॅकॉर्ड आणि टोयोटा कॅमरी घेत होतं. मधली किंमत द्यायला लोक तयार होते. त्या किमतीत ओल्ड्समोबिल काय देते, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

हे जाहिरातीने भरून काढायचा प्रयत्न झाला. १९८८ची मोहीम सांगत होती, ‘ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबिल नव्हे’. घोषवाक्य तोंडोतोंडी झालं, विक्री घसरतच राहिली. वडिलांकडे रॉकेट इंजिन होतं, टोरोनॅडो होती. मुलाला मिळत होती शेवरोलेची जुळी बहीण. जुनं गिऱ्हाईक दुखावलं, नवं आलं नाही. १९९५ची ‘ऑरोरा’ खरोखर चांगली, वेगळी गाडी होती. पण तिच्यावर बाहेरून ओल्ड्समोबिल हे नाव कुठेही नव्हतं. स्वतःचा ब्रँड लपवून गाडी विकावी लागते तेव्हा त्या ब्रँडची बाजारातली किंमत कंपनीनेच ठरवलेली असते. २०००मध्ये विक्री २ लाख ८९ हजारांवर आली आणि १२ डिसेंबरला कंपनीने विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मग ब्यूक कशी वाचली, हा शेवटचा प्रश्न. तिच्याकडेही वेगळं फारसं उरलं नव्हतं. ब्यूक वाचली ती चीनमुळे. तिथे क्रांतीच्या आधीपासून या नावाला प्रतिष्ठा होती आणि १९९०च्या दशकाअखेरीपासून शांघायमध्ये बनणाऱ्या ब्यूकला ती कामी आली. अमेरिकेत मधल्या पायऱ्या एकामागून एक गेल्या : २००१मध्ये प्लिमथ, २०१०मध्ये पाँटिअॅक, २०११मध्ये मर्क्युरी. प्रत्येकीची कर्मकथा वेगळी, पण तिघींच्याही शेवटच्या काळातल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या नावाच्या गाडीचीच आवृत्ती होत्या. ओल्ड्समोबिलच्या बाबतीत हिशेब तर जमाखर्चाच्या वहीतच मिळतो. वेगळं इंजिन आणि वेगळे अभियंते ठेवायचे नाहीत म्हणून वाचलेले पैसे दरवर्षी नफ्यात दिसत. गेलेली पत कुठल्याच रकान्यात दिसत नव्हती. विभाग बंद करताना सुमारे २,८०० वितरकांना भरपाई देण्यापोटी अब्जाहून अधिक डॉलर मोजावे लागले, तेव्हा ती पहिल्यांदा खर्चाच्या बाजूला दिसली. १०७ वर्षांत साडेतीन कोटी गाड्या विकलेल्या नावाची ही अखेर होती आणि ती ओढवली ती इंजिनाचा फरक मोजायचं मालकाने सोडून दिलं म्हणून.