राउटरची प्रणाली घरी बांधताना

इंदूरच्या तुकोगंजातल्या आमच्या घरी साफसफाईत एक जुना राउटर निघाला. दिवे लागले, वाय-फायही दिसू लागलं. पण कंपनीने त्याच्या सॉफ्टवेअरची डागडुजी केव्हाच थांबवली होती, आणि घराच्या इंटरनेटच्या दारात असा पहारेकरी ठेवणं धोक्याचं. भंगारवाल्याला देण्याऐवजी मी त्याच्यासाठी लिनक्सची प्रणाली बांधायला घेतली.

हे शक्य झालं ते 2003 सालच्या एका प्रकरणामुळे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचं जाणकारांनी शोधून काढलं. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, परवाना जीपीएल. त्यानुसार, यंत्रात घालून कर्नल विकणाऱ्याने त्याचा सोर्स कोडही द्यायला हवा. पाठपुरावा झाला, कोड खुला झाला आणि 2004 मध्ये त्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प उभा राहिला. आज तो शेकडो मॉडेलांवर चालतो. मीही तोच घेतला.

राउटरमधला प्रोसेसर सहसा मिप्स किंवा आर्म जातीचा, माझ्या लॅपटॉपमधला इंटेलचा. त्यामुळे लॅपटॉपवर बसून राउटरच्या भाषेत लिहिणारा कंपायलर आधी तयार होतो, मग त्यातून कर्नल आणि बाकीचे प्रोग्राम. डिस्कवर दहा-पंधरा जीबी जागा मोकळी लागते. ‘मेक मेनूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की निळा पडदा उघडतो. हव्या त्या गोष्टीपुढे चांदणी लावायची.

मी हावरटासारख्या चांदण्या लावल्या: प्रिंटर, फाइल शेअरिंग, व्हीपीएन. तीन तासांनी इमेज, म्हणजे राउटरमध्ये चढवायची फाइल, ‘फार मोठी’ असल्याचा इशारा आला आणि ती काही तयार झाली नाही. राउटरची फ्लॅश मेमरी अवघी 8 एमबी, म्हणजे मोबाइलवरच्या दोन-तीन फोटोंएवढी. मग प्रिंटर आणि फाइल शेअरिंग काढलं. कर्नलच्या मेनूत शिरून नको त्या फाइल प्रणाली आणि डीबगिंगची सोयही वगळली. दुसऱ्या खेपेला इमेज बसली.

पण कर्नलला हात लावला की एक किंमत मोजावी लागते. प्रकल्पाच्या भांडारात तयार मिळणारी कर्नल मॉड्यूल्स त्यांच्याच कर्नलसाठी बांधलेली असतात. माझ्या बदललेल्या कर्नलशी त्यांची खूण जुळेना, म्हणून ती बसवायला प्रणालीने साफ नकार दिला. लागणारी मॉड्यूल्स आपल्याच इमेजबरोबर बांधावी लागतात, हे तेव्हा कळलं.

इमेजची रचना मात्र शहाणपणाची आहे. मूळ प्रणाली ‘स्क्वॅशएफएस’ या घट्ट दाबलेल्या स्वरूपात असते. ती फक्त वाचता येते. आपण केलेले बदल तिच्यावरच्या वेगळ्या थरात साठतात. सेटिंग बिघडलं तर तो थर पुसायचा, खालची प्रणाली जशीच्या तशी हाती येते.

इमेज राउटरमध्ये चढवताना लाइट गेली तर सगळंच मुसळ केरात. म्हणून राउटर यूपीएसवर ठेवला. पाचेक मिनिटं जीव मुठीत धरून बसलो. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं, तेव्हा लॉगिनचं पान उघडलं.

पार्क रोडवरचं, 1952 पासूनचं आमचं एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय इथून जवळच. ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने एकदा तरी असा राउटर उघडावा, असं मला मनापासून वाटतं. पुस्तकातला कर्नल इथे हाताला लागतो.

माझ्या चांदण्यांची यादी मी एका छोट्या मजकूर-फाइलीत जपून ठेवली आहे. सुरक्षेची दुरुस्ती असलेली नवी आवृत्ती आली, की ती यादी पुन्हा पुढ्यात घेऊन बांधायला बसतो. डागडुजी आता घरातच होते.