बेटांचा रस्ता

चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन म्हणजे बेट, ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली असते. ती खोटी नाही. पण बेटावर राहणाऱ्या माणसाला ती अपुरी वाटेल. समुद्र त्याला नुसता वेढा घालीत नाही, तो त्याला वाटही देतो. बोट आली त्या दिवशी त्याचे घर जगाच्या हमरस्त्यावर असते. ती चुकली त्या दिवशी तेच घर जगाबाहेर पडते. बोटीच्या प्रवासाची रसाळ वर्णने मराठीत पुष्कळ आहेत. येथे आम्ही या विषयाकडे जरा निराळ्या बाजूने पाहणार आहोत. बेटाबेटांमधील ही वाहतूक चालते कशी, ती अडते कशाने आणि तिचा खर्च कोणी सोसावा, असे तीन प्रश्न आम्ही विचारासाठी घेतले आहेत.

उदाहरण म्हणून ग्रीस देश घेऊ. लहानमोठे खडक धरून ग्रीसची बेटे सुमारे ६००० भरतात आणि त्यांपैकी वस्ती असलेली सव्वादोनशेच्या घरात आहेत. आथेन्सच्या आग्नेयेस एजियन समुद्रात जो बेटांचा पुंजका आहे त्याला सायक्लेडीज म्हणतात. या नावाच्या मुळाशी ‘किक्लोस’ हा ग्रीक शब्द आहे. किक्लोस म्हणजे वर्तुळ. आपला ‘चक्र’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. देलोस नावाच्या चिमुकल्या पवित्र बेटाभोवती कडे करून बसलेली म्हणून ही चक्रातली बेटे. देलोस हे अपोलो देवाचे जन्मस्थान मानले जाई आणि आथेन्सहून दरवर्षी तेथे एक पवित्र नौका जात असे. ती परत येईपर्यंत नगरात कोणालाही देहान्त शासन द्यावयाचे नाही, असा नियम होता. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला मृत्यूची शिक्षा झाली तेव्हा ही नौका नुकतीच निघावयाची होती. वारा प्रतिकूल असला की तिची फेरी लांबते, असे प्लेटोने नमूद केले आहे आणि त्या वेळी सॉक्रेटिसाला तीस दिवस अधिक मिळाले, असे झेनोफोन सांगतो. बोटीच्या येण्याजाण्यावर माणसाचे आयुष्य अवलंबून राहण्याचा प्रकार या समुद्राला असा फार जुना आहे.

आता पहिला प्रश्न : ही वाहतूक चालते कशी? नकाशा पाहणाऱ्याला वाटते की, शेजारशेजारची बेटे म्हणजे एका गल्लीतील घरे. एकातून निघावे, दुसऱ्यात शिरावे. प्रत्यक्षात तसे नसते. बोटींचे मार्ग झाडाच्या फांद्यांसारखे असतात आणि त्या झाडाचा बुंधा म्हणजे आथेन्सचे पिरेयस बंदर. तेथून एक फांदी पारोस, नाक्सोस, इओस अशी सांतोरिनीपर्यंत जाते. दुसरी सीरोस आणि मिकोनोसकडे वळते. तिसरी पश्चिमेच्या किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस, मिलोस या बेटांना शिवते. पिरेयसहून पारोसला मोठ्या बोटीने सुमारे चार-साडेचार तास लागतात, सांतोरिनीला सात-आठ. एकाच फांदीवरील बेटांमधला प्रवास सोपा असतो. पण सिफ्नोसहून पारोसला जावयाचे म्हटले की पंचाईत होते. अंतर थोडे, परंतु फांद्या वेगळ्या! दोहोंना जोडणारी बोट मोजक्याच दिवशी असते आणि ती नसेल तर एखाद्याला पार पिरेयसला जाऊन परत फिरावे लागते. यात अडाणीपणा काही नाही. बेटावरील माणसाचे काम शेजारच्या बेटावर क्वचितच असते. इस्पितळ, कचेरी, घाऊक बाजार आणि महाविद्यालय ही सारी बुंध्यापाशीच आहेत.

हा बुंधा मात्र नेहमी पिरेयसच नव्हता. १८२१ साली सुरू झालेल्या स्वातंत्र्ययुद्धात किऑस, प्सारा वगैरे बेटांवरून परागंदा झालेल्या लोकांनी सीरोस बेटावर एर्मूपोली हे शहर वसविले आणि काही दशके तेच ग्रीसचे पहिल्या प्रतीचे बंदर होते. पुढे आगबोटी लांब पल्ल्याच्या झाल्या, पिरेयस वाढले, १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा खुला झाला आणि व्यापार सीरोसला वळसा घालून जाऊ लागला. बोटीचा मार्ग थोडा सरकला की शहराचे नशीबही कसे सरकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मार्गानंतर धक्क्याचा विचार करू. ग्रीक बोट धक्क्याला कुशीने लागत नाही, पाठीने लागते. बंदरात शिरताच कप्तान बोट फिरवितो, पुढचा नांगर सोडतो आणि मागे मागे येत पाठीमागचा लोखंडी दरवाजा धक्क्यावर टेकवितो. खलाशी दोर खुंटांना अडकवितात, तोच मालमोटारी, दूधभाज्यांचे ट्रक, उतारू आणि त्यांची गाठोडी एकाच उतरणीवरून खाली येऊ लागतात. चढणारे बाजूला ताटकळलेले असतातच. दहापंधरा मिनिटांत सारे आटोपून बोट पुढे निघते. हे साधते याला एक नैसर्गिक कारण आहे. एजियन समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. बहुतेक ठिकाणी पाणी वीत-दीड वीत चढते-उतरते. मुंबईस उधाणाच्या दिवशी हा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. एकच उतरण सकाळ-संध्याकाळ चालविण्याची चैन आपल्या किनाऱ्याला नाही. कोकणच्या जुन्या आगबोटी दूर उभ्या राहत आणि उतारूंना पडावातून आणावे लागे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले असेल. तरीही हे तंत्र आपल्याकडे आले आहे. मार्च २०२० मध्ये मुंबईचा भाऊचा धक्का आणि मांडवा यांच्या दरम्यान मोटारी वाहून नेणारी जी बोट सुरू झाली, ती ग्रीसमध्येच बांधलेली होती.

दुसरा प्रश्न : ही वाहतूक अडते कशाने? मुख्यतः वाऱ्याने. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश निरभ्र असते, ऊन लख्ख असते आणि तरीही बोटी बंदरात बांधून ठेवलेल्या असतात. नवख्या प्रवाशाला याचा उलगडाच होत नाही. त्या दिवसांत उत्तरेकडून जो कोरडा, जोरकस वारा वाहतो त्याला तेथील लोक मेल्तेमी म्हणतात. प्राचीन ग्रीकांनी त्याला ‘वर्षावर्षाला येणारा’ अशा अर्थाचे नाव दिले होते. ‘मोसमी वारा’ या आपल्या शब्दामागील कल्पना हीच आहे. हे साम्य केवळ नावाचे नाही. उन्हाळ्यात आशिया खंड तापून जो विस्तीर्ण कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याच्या ओढीने आपल्याकडे नैऋत्येचा पाऊस येतो. त्याच पट्ट्याचे पश्चिमेकडील टोक तुर्कस्तानापर्यंत पोचते. बाल्कन प्रदेशावर त्या वेळी दाब अधिक असतो आणि या दोहोंच्या मधल्या एजियन समुद्रावरून हवा वेगाने खाली धावते. म्हणजे रत्नागिरीच्या कौलांवर जे आषाढ-श्रावण बरसत असतात, त्यांचाच एक दूरचा नातेवाईक नाक्सोसच्या बंदरात बोट अडवून बसलेला असतो!

वारा बोफर्ट मापाच्या आठव्या अंकाला, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटरला पोचला की साधारणतः मोठ्या बोटींनाही बंदर-अधिकारी सुटू देत नाहीत. लहान आणि वेगवान बोटी त्याआधीच थांबवितात. ही सक्ती कोणाला जाचक वाटेल. पण ७-८ डिसेंबर १९६६ च्या रात्री क्रीटहून पिरेयसला निघालेली ‘हेराक्लिओन’ ही बोट वादळात सापडली, आतील एक मालमोटार सुटून दरवाजावर आदळली, पाणी आत घुसले आणि दोनशेहून अधिक माणसे बुडाली. २६ सप्टेंबर २००० रोजी ‘एक्स्प्रेस सामिना’ ही बोट पारोसजवळच्या खडकांवर आपटली. पाणी अडविणारे आतील दरवाजे उघडेच राहिलेले होते आणि ऐंशीहून अधिक लोक प्राणास मुकले. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसे गेली, ही जखम तर आपल्या घरचीच आहे. समुद्रावरील नियमांची किंमत अशा रीतीने आधीच मोजून झालेली असते. चुकलेल्या दिवसाबद्दल कुरकुर करताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : खर्च कोणी सोसावा? उन्हाळ्यात सांतोरिनीला जाणारी बोट प्रवाशांनी ओसंडत असते; तिला मदतीची गरज नाही. पण दोनूसा किंवा इराक्लिया यांसारखे बेट घ्या. वस्ती शेदीडशे माणसांची आणि महिना जानेवारीचा. बोटीतून उतरणार शाळामास्तर, औषधाचे खोके, गॅसच्या टाक्या आणि दोन-चार गावकरी. या फेरीत फायदा होणे शक्यच नाही. अशा मार्गाला ग्रीक लोक ‘नापीक मार्ग’ म्हणतात. नाक्सोस आणि आमोर्गोस यांच्या दरम्यान लहान बेटांना शिवत जाणारी ‘स्कोपेलितीस’ नावाची छोटी बोट अशाच मार्गाची म्हणून प्रसिद्ध आहे. नापीक जमीन शेतकरी सोडून देऊ शकतो. राज्याला आपले नागरिक तसे सोडता येत नाहीत. म्हणून सरकार बोलीने ठेके देते आणि तूट भरून काढते. आपल्याकडे ‘गाव तिथे एसटी’ या घोषणेमागे हेच तत्त्व आहे. आडगावची एसटी रिकामी धावते म्हणून ती बंद करा, असे हिशेबनीस म्हणेल. पण गाव असे म्हणणार नाही.

२०१८ साली ग्रीसने याच्या पुढचे पाऊल टाकले. समुद्रावरील एका किलोमीटरला जमिनीवरील किलोमीटरपेक्षा जास्त पैसे पडू नयेत, या तत्त्वावर बेटवासीयांना भाड्यातील फरक परत देण्याची योजना त्या देशाने कायद्याने सुरू केली. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून काही बेटांसाठी असाच प्रयोग झाला होता. कल्पना न्याय्य आहे. तिच्यावरील आक्षेपही विचारात घेतला पाहिजे : इतका पैसा शेदीडशे लोकांसाठी का? त्याच पैशात त्यांना शहरात घरे मिळतील! या आक्षेपाला उत्तर असे की, येथे कारण आणि परिणाम एकमेकांचे शेपूट धरून फिरतात. फेऱ्या कमी झाल्या की तरुण कुटुंबे बेट सोडतात. कुटुंबे गेली की उतारू घटतात. उतारू घटले की फेऱ्या आणखी कमी होतात. शेवटी ‘येथे माणसेच नाहीत, बोट कशाला?’ हा प्रश्न विचारणारा आपणच निर्माण केलेल्या परिस्थितीचा पुरावा पुढे करीत असतो. बोट नियमित असली म्हणजे कोणी बेट सोडणार नाही, असे मात्र नव्हे. तीच बोट मुलांना शिकावयास नेते आणि पुष्कळांना परत आणीत नाही. बोट माणसाला बेटावर बांधून ठेवू शकत नाही; राहावे की जावे, हे ठरविण्याची मोकळीक तेवढी ती देते. बोट नसेल तर ती मोकळीकही उरत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सांतोरिनीच्या परिसरात भूकंपाचे धक्क्यामागून धक्के बसू लागले. काही दिवसांतच दहा हजारांहून अधिक माणसे विमानांनी आणि बोटींनी बेटाबाहेर पडली. एरवी प्रवाशांसाठी चालणाऱ्या बोटी त्या दिवसांत रात्री-अपरात्री बेटवासीयांसाठी आल्या. जोखीम कमी होताच त्याच बोटींनी माणसे घरी परत आणली. अशी सोय संकट आल्यावर उभी करता येत नाही. बोटी, धक्के, खलाशी आणि वेळापत्रक ही आधीपासून, नित्याच्या कंटाळवाण्या दिवसांतही, चालू असावी लागतात. जानेवारीत दोन-चार उतारू घेऊन जाणाऱ्या बोटीचा हिशेब करताना या न दिसणाऱ्या जमेची बाजूही वहीत लिहिली पाहिजे.

हा विचार आपल्यालाही परका नाही. खाडीपलीकडचे गाव, घाटावरची वाडी, पावसाळ्यात पूल बुडाला की तुटणारी वस्ती ही आपली बेटेच आहेत. त्यांच्याकडे जाणारी तर, होडी किंवा एसटी तोट्यात चालते, असे ऐकू आले की तोटा कोणाचा आणि ती बंद झाल्यास तो किती होईल, एवढे दोन प्रश्न आपण विचारले, तरी पुष्कळ झाले.