अंडं, ससा आणि पुनवेचा चंद्र

मुलांनो, आज आधी एक कबुली देते. चुका फक्त तुमच्याच होतात असं नाही, बाईंच्याही होतात!

मी अंधेरीच्या एका शाळेत चौथीला शिकवते. एका वर्षी गुरुवारी शाळा सुटताना मी फळ्यावर रंगीत खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘उद्या सुट्टी! हॅप्पी गुड फ्रायडे!’ मुलं आरडाओरडा करत पळाली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र फळ्याकडे बघत उभी राहिली. बोलली काहीच नाही. दप्तर उचललं आणि गेली.

सोमवारी तिला सोडायला तिची आजी आली. जवळच्याच गावठाणात राहणारी, चौकड्यांचं लुगडं नेसलेली. बाजूला घेऊन मला म्हणाली, ‘‘बाई, रागावू नका हं. पण त्या शुक्रवारी आमच्या घरात कुणी गेल्यासारखं असतं. येशूला क्रुसावर चढवलं तो दिवस. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, ईस्टरला.’’

मी अगदी खजील झाले. तेवढ्यात वर्गातला एक चौकस मुलगा मध्येच म्हणाला, ‘‘आजी, हा सण तुम्ही इंग्रजांकडून घेतलात ना?’’ मुलीची मान खाली गेली. आजी मात्र हसली. ‘‘अरे, इंग्रज आले त्याच्या आधीपासून आम्ही इथेच भात लावत होतो!’’

खरंच? मी शोधायचं ठरवलं. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

आजीचं गाव किती जुनं?

अंधेरीत सीप्झ आहे ना, तिच्या आवारात एका जुन्या चर्चच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. कोंडिविटे गावाचं हे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीजांच्या काळात, १५७९ साली बांधलं गेलं. आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी कधी स्थापन झाली? १६०० साली! म्हणजे आपल्या अंधेरीतलं हे चर्च कंपनीपेक्षा एकवीस वर्षांनी मोठं.

सोळाव्या शतकात साष्टी बेटावरचे आणि वसईचे अनेक शेतकरी, कोळी, कारागीर ख्रिस्ती झाले. कुणी मनापासून झाले, कुणावर राज्यकर्त्यांचं दडपण होतं. इतिहासात दोन्ही घडलं. पण त्यांची मराठी बोली, लुगडं, भातशेती आणि मासेमारी तशीच राहिली. पुढे नोकरीसाठी बाहेरून इतर ख्रिस्ती लोक मुंबईत येऊ लागले. आपण इथलेच, हे वेगळं कळावं म्हणून या मंडळींनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. राहतात पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव ईस्ट इंडियन! आहे की नाही गंमत?

मग हा सण आला कुठून?

त्यासाठी आपल्याला बरंच मागे जायला हवं. येशू हा ज्यू समाजात जन्मलेला. ज्यू लोकांचे पूर्वज इजिप्तमध्ये गुलामगिरीत होते, तिथून ते सुटले. त्या सुटकेची आठवण म्हणून ते वसंत ऋतूत ‘पेसाह’ नावाचा सण पाळतात. मराठी बायबलमध्ये त्याला सुरेख शब्द आहे, ‘वल्हांडण’. वलांडणं म्हणजे ओलांडणं. संकट आपलं घर ओलांडून पुढे गेलं, तो हा सण.

याच सणाच्या दिवसांत येशूला क्रुसावर चढवलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो पुन्हा जिवंत झाला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. त्यामुळे नव्या सणाला जुन्याचंच नाव मिळालं. पेसाहवरून पोर्तुगीज भाषेत ‘पास्कोआ’ झालं. आणि पेसाह पाळणारे लोक काही परके नाहीत बरं का! कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल हे ज्यूच. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ठाण्यातलं त्यांचं प्रार्थनामंदिर १८७९ सालचं आहे.

इंग्रजी नाव मात्र वेगळंच. बीड नावाच्या एका इंग्रज साधूनं ७२५ साली लिहिलं, की इंग्लंडमध्ये पूर्वी या महिन्याला इओस्त्रे नावाच्या देवीवरून नाव होतं. तिच्याबद्दलचा जुना लेखी उल्लेख एवढाच! पण पुढे त्या एका उल्लेखावर लोकांनी मोठमोठ्या कहाण्या रचल्या. म्हणून कुणी ठासून सांगितलं, की ‘ईस्टरचं अंडं आणि ससा त्या देवीचेच’, तर खुशाल विचारा, ‘‘पुरावा काय?’’

चंद्र बघून ठरणारा रविवार

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला. मग ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये का? कारण पेसाह येतो पौर्णिमेला. ख्रिस्ती धर्मगुरूंची एक मोठी सभा ३२५ साली निकिया या गावी भरली. सगळीकडे ईस्टर एकाच दिवशी पाळावा, असं तिथे ठरलं. त्यातून पुढे नियम रूढ झाला तो असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच येतो.

आता आपली दिनदर्शिका काढा. २०२६ साली २ एप्रिलला, गुरुवारी, हनुमान जयंती. म्हणजे चैत्र पौर्णिमा. आणि ईस्टर? लगेचचा रविवार, ५ एप्रिल! २०२४ साली २५ मार्चला धुळवड आणि ३१ मार्चला ईस्टर. म्हणजे आपण ज्या चंद्राखाली होळी पेटवतो किंवा ज्या पौर्णिमेला हनुमानाचा जन्म साजरा करतो, तोच चंद्र शेजारच्या घरचा सण ठरवतो. चर्चचं गणित ठरीव कोष्टकावरून होतं, त्यामुळे एखाद्या वर्षी फरक पडतो. पण बहुतेक वेळा तुमचं उत्तर बरोबर येईल.

अंडं कशासाठी?

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. पूर्वी युरोपात या दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. पण कोंबड्यांना काय ठाऊक उपवास! त्या आपल्या अंडी घालतच राहायच्या. सण येईपर्यंत घरात अंडीच अंडी. मग ती उकडायची, रंगवायची आणि वाटायची. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२९०च्या हिशेबात अशा साडेचारशे अंड्यांचा खर्च मांडलेला आहे, अठरा पेन्स!

शिवाय अंडं दिसतं दगडासारखं निर्जीव, पण आतून जीव बाहेर येतो. बंद कबरीतून जीवन बाहेर आलं, याची ती खूण ठरली. इराणमध्येही वसंतातल्या नवरोजला रंगवलेली अंडी मांडतात. वसंत आला की निरनिराळ्या देशांतल्या माणसांना सारखंच काहीतरी सुचतं, नाही का?

मुंबईत मात्र ईस्टरचं अंडं बहुतेक वेळा मार्झिपानचं असतं. युरोपात मार्झिपान बदामाचं करतात. आपल्याकडे बदाम महाग, म्हणून काजू वाटून घातले. आणि काजूचं झाड पोर्तुगीजांनी आणलं ब्राझीलमधून. एका छोट्या गोड अंड्यात किती देश मावले बघा!

आणि ससा?

‘‘बाई, ससा अंडं घालतो का?’’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो. नाही रे बाबांनो, घालत नाही! १६८२ साली एका जर्मन वैद्यानं लिहून ठेवलं, की आमच्याकडे ससा बागेत अंडी लपवतो असं मुलांना सांगतात. म्हणजे मुलांसाठी मोठ्यांनी सांगितलेली ती गंमत. जर्मन लोक अमेरिकेत गेले, ससाही त्यांच्याबरोबर गेला. आता दुकानांतून तो आपल्याकडेही आलाय. आजीच्या लहानपणी मात्र तो नव्हता, असं ती सांगते.

झावळीची राख

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. येशू जेरुसलेमला आला तेव्हा लोकांनी खजुरीच्या फांद्या हलवून त्याचं स्वागत केलं होतं. पोलंडसारख्या थंड देशात खजुरी कुठली? तिथे विलो झाडाच्या डहाळ्या घेतात. आपल्याकडे नारळाची झावळी आहेच. मुलं तिच्या पात्यांचे छोटे क्रूस विणतात. वाळलेल्या झावळ्या जपून ठेवतात, पुढच्या वर्षी जाळतात आणि त्यांचीच राख उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी कपाळाला लावतात.

मग गुरुवारी रात्रीच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या घंटा गप्प होतात. लागेल तिथे लाकडी खटखटा वाजवतात. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून प्रत्येकाची छोटी. आपण एका पणतीवरून दुसरी लावतो ना, अगदी तशी. आणि मग सगळ्या घंटा एकदम वाजू लागतात!

हे कळलं, तेव्हा मला फळ्याकडे पाहत उभी राहिलेली ती मुलगी पुन्हा आठवली. तिच्यासाठी तो घंटा गप्प होण्याचा दिवस होता आणि मी तिथे ‘हॅप्पी’ लिहून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी गुरुवारी मी फळ्यावर एवढंच लिहिलं, ‘उद्या सुट्टी. रविवारी ईस्टर.’ सोमवारी ती मुलगी मोठा डबा घेऊन आली. आत आजीनं तळलेले ‘फुगे’ होते. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचे, टम्म फुगलेले गोल गोळे. गेल्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलानं तीन खाल्ले आणि म्हणाला, ‘‘हे इंग्रजांचे नाहीत, हे नक्की!’’ सगळ्यात मोठ्यानं हसली ती तीच.

आईबाबांनो, तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत अशी एखादी आजी नक्की असेल. कुठल्याही सणाची असो. मुलांना तिच्याकडे पाठवा. आणि मुलांनो, तुम्ही जाल तेव्हा आधी विचारा, ‘‘आजी, आज शुभेच्छा द्यायच्या, की नुसतं शेजारी बसायचं?’’

मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचाराल ना?